मळसूत्राचें घर

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. तहनाम्यांवर सह्या होतात, त्यांच्या नकला दफ्तरांत जपून ठेवल्या जातात, आणि त्यांतील बहुतेक तह पांचपंचवीस वर्षांत मोडतात. परंतु कांहीं तह असे आहेत कीं ते लोखंडावर कोरलेले आहेत. ते आपल्या शिवणयंत्रांत, छापखान्यांत, आगगाडीच्या डब्याखालीं रात्रंदिवस पाळले जातात, आणि ज्यांच्या सुखासाठीं ते झाले त्यांस त्यांची वार्ताही नसते. मळसूत्राचा, म्हणजे ज्यास आपण आतां सरसकट स्क्रू म्हणतों त्याचा, इतिहास हा अशा तहांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखांत एका अगदीं लहान प्रश्नाच्या निमित्तानें तो पाहावयाचा आहे. प्रश्न असा: मेट्रिक मापाचा खांदेवाला स्क्रू यंत्रांत बसवावयाचा, तर त्याच्यासाठीं भोंक केवढें पाडावें?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. खांदेवाल्या स्क्रूस कारखान्यांत शोल्डर स्क्रू किंवा शोल्डर बोल्ट म्हणतात. त्याची ठेवण अशी: वर षट्कोनी खांच असलेलें गोल डोकें, त्याखालीं आटे नसलेला, घांसून गुळगुळीत केलेला दंडगोल, हाच त्याचा खांदा, आणि सर्वांत खालीं खांद्याहून बारीक असें, आटे पाडलेलें टोंक. हें टोंक यंत्राच्या बैठकींत आवळावयाचें तें खांद्याची खालची कड बैठकीवर टेकेपर्यंत. ती एकदां टेकली कीं डोकें आणखी खालीं सरकत नाहीं. मग डोकें व बैठक यांच्यामध्यें जी कप्पी, जो दांडा किंवा जी पट्टी असेल ती खांद्याभोंवतीं मोकळेपणीं फिरते, अथवा खांद्यावरून खालींवर सरकते. साधा स्क्रू दोन वस्तूंस एकमेकींशीं जखडून टाकतो. हा स्क्रू एकीस घट्ट धरून दुसरीस मोकळीक देतो. स्वतः जागचें न हालतां इतरांस घरांत मोकळें वावरूं देणाऱ्या कर्त्या पुरुषासारखें त्याचें काम आहे.

अशा स्क्रूस एक भोंक पुरत नाहीं. बैठकींत आट्यांचें भोंक, हालत्या भागांत खांद्याचें गुळगुळीत भोंक, आणि त्याच भागाच्या वरच्या अंगास डोकें आंत लपेल असें रुंद व सपाट तळाचें घर, अशीं तीन भोंकें एकाच रेषेंत यावीं लागतात. शेवटच्यास काउंटरबोअर म्हणतात. एकंदरींत हें तीन मजल्यांचें घर झालें. आजचा नकाशा काढणारा माणूस तक्त्यांत पाहून तीनही मापें क्षणांत लिहितो. परंतु त्या तक्त्यांतील एकेक आंकडा निराळ्या काळीं, निराळ्या माणसांनीं आणि निराळ्या गरजेपोटीं ठरविलेला आहे. तो ठरविण्यापूर्वीं कोणीतरी आपला हट्ट सोडावा लागला, हेंच या साऱ्या इतिहासाचें सार आहे.

पहिला मजला आट्यांचा. आज एम ८ एवढें म्हटलें, कीं आठ मिलिमीटर व्यासाचा व सव्वा मिलिमीटर अंतराचे आटे असलेला स्क्रू, हें पुण्यांत जसें खरें तसेंच ओसाकांतही खरें. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस एकाच गांवांतील दोन कारखान्यांतही असें बोलतां येत नसे. प्रत्येक बोल्ट व त्याचा नट यांची जोडी कारागीर स्वतःच्या हातानें जमवीत असे. यंत्र उघडतांना कोणता नट कोणत्या बोल्टचा याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. खुणा पुसल्या गेल्या कीं जुळवाजुळवींत दिवस मोडत. नट हरवला तर बाजारांतून दुसरा आणतां येत नसे. तो त्याच बोल्टसाठीं नव्यानें घडवावा लागे. यंत्राचा मालक अशा रीतीनें तें यंत्र करणाऱ्या कारागिराचा जन्मभराचा मिंधा होऊन बसे.

ही स्थिति पालटण्यास आरंभ केला तो हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिरानें. १७७१ सालीं वुलिच येथें जन्मलेला हा मनुष्य लंडनांत जोसेफ ब्रामा यांच्या प्रसिद्ध कुलुपांच्या कारखान्यांत प्रमुखपदास चढला होता. आठवड्यास तीस शिलिंगांहून अधिक वेतन मिळेना, म्हणून १७९७ सालीं त्यानें ती नोकरी सोडली व स्वतःचा कारखाना काढला. १८०० च्या सुमारास त्यानें सिद्ध केलेल्या लेथवर एक अचूक मळसूत्र हत्याराचा गाडा ओढीत असे, आणि त्या मळसूत्राचीच वळणें पुढच्या स्क्रूवर उतरत. आटे आतां कारागिराच्या मनगटावर अवलंबून राहिले नाहींत. एका चांगल्या मळसूत्रापासून तशींच शेंकडों मळसूत्रें होऊं लागलीं. मॉडस्लेनें अतिसूक्ष्म अंतर मोजणारें एक उपकरणही केलें होतें. कारखान्यांत मापाबद्दल वाद निघाला कीं त्याचा निकाल तेथें होई, आणि त्या निकालावर अपील नसे. म्हणून त्या उपकरणास ‘लॉर्ड चॅन्सलर’ हें नांव पडलें होतें. इंग्लंडांतील एका श्रेष्ठ न्यायाधिकाऱ्याचें तें पद होतें. यंत्रयुगाचा हा पहिला न्यायाधीश लोखंडाचाच होता!

परंतु एका कारखान्यांत न्याय झाला म्हणजे तो देशांत झाला असें नाहीं. मॉडस्लेचे आटे मॉडस्लेपुरते, शेजारच्याचे शेजाऱ्यापुरते. ह्याच कारखान्यांत काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनीं पुढें मँचेस्टर येथें स्वतःचें बस्तान बसविलें, आणि १८४१ सालीं लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढें सर्व देशासाठीं एकच आट्यांची पद्धति असावी असा निबंध वाचला. त्यांनीं योजिलेली रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. सर्वोत्तम स्क्रू कोणता ह्याचा त्यांनीं नव्यानें शोध लावला नाहीं. देशांतील अनेक प्रमुख कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, ते मोजले, आणि त्यांच्या मापांची सरासरी काढली. आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा ठरला. अर्धा इंच बोल्टला इंचास १२ आटे, एक इंच बोल्टला ८, असा क्रम बांधला गेला. कोणाचेंच माप पूर्णपणें मान्य झालें नाहीं, आणि म्हणूनच तें सर्वांस मान्य होऊं शकलें. एका कारखान्यानें आपलेंच माप पुढें केलें असतें, तर बाकीच्यांनीं तें प्रतिस्पर्ध्याचें म्हणून नाकारलें असतें. सरासरीस मात्र कोणी मालक नसतो.

ह्या पद्धतीचा गुण क्रिमियाच्या युद्धांत दिसून आला. इंग्लंडच्या आरमारास लहान तोफनौकांसाठीं नव्वद इंजिनें तातडीनें हवीं होतीं. जॉन पेन या कारखानदारानें नमुन्याच्या इंजिनांचे भाग सुटे करून निरनिराळ्या चांगल्या कारखान्यांकडे घडविण्यास धाडले, आणि ते परत आल्यावर जुळवून सुमारें नव्वद दिवसांत काम पुरें केलें. प्रत्येक बोल्ट आपल्याच नटाचा शोध घेत बसला असता, तर हें काम वर्षानुवर्षें रेंगाळलें असतें.

तथापि एका देशाचा तह हा दुसऱ्या देशास परकाच असतो. फिलाडेल्फियाचे यंत्रकार विल्यम सेलर्स यांनीं १८६४ च्या एप्रिलांत फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढें निबंध वाचून व्हिटवर्थच्या आट्यांस हरकत घेतली. त्यांचें म्हणणें, ५५ अंशांचा कोन साध्या हत्यारांनीं पडताळून पाहतां येत नाहीं, आणि आट्याचा माथा व मूळ नेमकें गोल करणें सामान्य कारागिरास कठीण जातें. त्याऐवजीं ६० अंशांचा कोन घ्यावा, तो समभुज त्रिकोणाचाच कोन आहे. आणि माथा गोल न करितां सपाट कापावा. अमेरिकेंत हातांची टंचाई होती. सामान्य कारागिराला सामान्य लेथवर जें काम करतां येईल तेंच तेथें टिकणार होतें. १८६८ सालीं अमेरिकेच्या आरमारानें ही पद्धति उचलली व मागोमाग मोठ्या रेल्वे कंपन्यांनींही. सेलर्स यांच्या अर्धा इंच बोल्टला आटे १३ होते, व्हिटवर्थच्या १२. एका आट्याचा काय तो फरक. पण त्यामुळें एका देशाचा नट दुसऱ्या देशाच्या बोल्टवर एकदोन वेढे जाऊन अडकूं लागला.

युरोपखंडांत ह्याहून निराळा घोळ होता. तेथें मीटर आलेला होता, परंतु मिलिमीटरांत मोजलेल्या आट्यांच्याही नानाविध पद्धति चालू होत्या. १८९८ सालीं स्वित्झर्लंडमधील झूरिच येथें भरलेल्या परिषदेंत मेट्रिक आट्यांची एक पद्धति ठरली. मापें मीटरचीं, फ्रेंच वळणाचीं. कोन मात्र ६० अंशांचा, म्हणजे सेलर्सचा. ज्या देशानें मीटर स्वीकारला नाहीं त्याचा कोन, आणि ज्यांस इंच नको होता त्यांचें माप, अशा मिश्रविवाहांतून आजच्या मेट्रिक स्क्रूचा जन्म झाला. आज एम ८ म्हणतांना आपण नकळत दोन्ही कुळांचा उच्चार करतों.

असे तह न झाल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण लवकरच घडलें. ७ फेब्रुवारी १९०४ रोजीं, रविवारीं, अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराच्या व्यापारी पेठेंत आग लागली. तारा गेल्या, आणि कांहीं तासांतच वॉशिंग्टनहून आगीचे बंब खास गाडीनें येऊन पोंचले. मागाहून फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथूनही मदत आली. माणसें होतीं, बंब होते, रस्त्यावरच्या नळांत पाणीही होतें. परंतु वॉशिंग्टनच्या नळीच्या तोंडाचे आटे बाल्टिमोरच्या नळास बसेनात. आग सुमारें तीस तास जळत राहिली व पंधराशेंहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. आगीचा जोर व वारा हीं कारणें होतींच. पण शेजारच्या शहराचे बंब दाराशीं उभे असून त्यांचें पाणी कामास येऊं नये, ह्यासारखी हळहळ दुसरी नाहीं. पुढच्याच वर्षीं नळीच्या जोडांचें राष्ट्रीय प्रमाण ठरविण्यांत आलें. तें ठरलें, पण सर्व शहरांनीं पाळलें नाहीं. १९९१ सालीं कॅलिफोर्नियांत ओकलंडच्या टेंकड्यांवर वणवा पेटला, तेव्हांही त्या शहराच्या नळांचीं तोंडें इतरांहून मोठीं असल्यामुळें बाहेरगांवच्या बंबांस मधला जोडतुकडा लागला. कागदावरचा तह आणि पाळलेला तह ह्यांत शहाऐशीं वर्षांचेंही अंतर राहूं शकतें.

दुसऱ्या महायुद्धानें हा धडा दोन मोठ्या राष्ट्रांस एकदमच शिकविला. ब्रिटनच्या लढाऊ विमानांचें मर्लिन इंजिन अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें करावयाचें ठरलें. तें ब्रिटिश इंजिनाशीं भागशः अदलाबदल होण्याजोगें हवें, म्हणून त्यावर ब्रिटिश आटेच पाडणें भाग होतें. आणि तसे आटे पाडणारे टॅप अमेरिकेच्या बाजारांत मिळेनात, म्हणून पॅकार्डला तेही स्वतःच करावे लागले. एका बाजूस लढणारीं दोन राष्ट्रें एकमेकांचा नट वापरूं शकत नव्हतीं. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांच्या प्रतिनिधींनीं इंची आट्यांच्या एका पद्धतीवर सह्या केल्या. कोन अमेरिकेचा ६० अंशांचा राहिला, आणि आट्याच्या मुळाशीं ब्रिटिशांस प्रिय असलेल्या गोलाईस जागा मिळाली. व्हिटवर्थनीं सरासरी काढून बसविलेला ५५ अंशांचा कोन एका शतकानंतर त्यांच्याच देशानें खालीं ठेवला. ह्याच सुमारास, १९४७ सालीं, आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटना, म्हणजे आयएसओ, कामास लागली. तिच्या समित्यांत पहिल्या क्रमांकाची समिति स्क्रूच्या आट्यांची आहे.

हा पहिला मजला झाला. दुसरा मजला खांद्याच्या गुळगुळीत भोंकाचा, आणि तेथें प्रश्न निराळा आहे. दहा मिलिमीटरचा खांदा बरोबर दहा मिलिमीटरच्या भोंकांत जात नाहीं. गेला तर फिरत नाहीं. त्यास फट हवी. फट फार झाली तर भाग खडखडतो व खांदा एका अंगास झिजतो. शिवाय ‘बरोबर दहा’ असें कोणतेंच लोखंड नसतें. उन्हाळ्यांतलें माप हिवाळ्यांत राहत नाहीं. म्हणून प्रश्न मापाचा नसून मर्यादेचा आहे: किती चूक आपण चालवून घेऊं?

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आधीं खात्रीचें मोजमाप हवें होतें. तें दिलें स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनीं. एस्किल्सटुना येथील बंदुकांच्या कारखान्यांत ते नोकरीस होते. १८९० नंतरच्या दशकांत जर्मनींतील माउझर कारखान्यांतून परततांना, तेथें पाहिलेल्या असंख्य मापठोकळ्यांविषयीं विचार करतां करतां त्यांस सुचलें, कीं थोडे ठोकळे एकमेकांवर रचूनही हजारों मापें मिळवितां येतील. पत्नीच्या शिवणयंत्रास घांसण्याचें चाक जोडून त्यांनीं घरींच ते ठोकळे घांसले. त्यांच्या १०२ ठोकळ्यांच्या संचांतून सुमारें वीस हजार मापें निघत. गृहिणीच्या शिवणयंत्रानें जगाच्या यंत्रशाळांस अचूकपणा शिकविला, ही गोष्ट स्त्रीवर्गानें अभिमानानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्या पायावर पुढें मर्यादांची आंतरराष्ट्रीय भाषा तयार झाली. १९२६ सालीं स्थापन झालेल्या प्रमाण संस्थांच्या संघानें तिला आकार दिला व आयएसओनें ती पुढें चालविली. भोंकाच्या मर्यादेस मोठें रोमन अक्षर, दांड्याच्या मर्यादेस लहान, आणि पुढें आंकडा, अशी तिची लिपि आहे. उदाहरणार्थ, दहा मिलिमीटरचा खांदा ‘एफ ९’ ह्या मर्यादेचा असेल तर तो ९.९५१ पासून ९.९८७ मिलिमीटरपर्यंत कोठेंही असूं शकतो. त्याचें भोंक ‘एच ८’ मर्यादेनें केलें तर तें १०.००० पासून १०.०२२ पर्यंत असतें. म्हणजे कोणताही खांदा कोणत्याही भोंकांत घातला तरी फट ०.०१३ हून कमी व ०.०७१ हून अधिक होत नाहीं. ही सर्वांत मोठी फट माणसाच्या केसाएवढी आहे. चेन्नईस केलेला स्क्रू आणि पुण्यास पाडलेलें भोंक एकमेकांस न पाहतां जुळतात, तीं दोन्हीं निर्दोष आहेत म्हणून नव्हे; दोघांचे दोष किती असावे हें आधींच ठरलेलें आहे म्हणून.

तिसरा मजला डोक्याच्या घराचा. डोकें आंत लपवावें कां, ह्याचें एक उत्तर रक्तानें लिहिलेलें आहे. जुन्या कारखान्यांत छताशीं लांब दांडे फिरत व तेथून चामड्याचे पट्टे यंत्रांपर्यंत येत. दांड्यांवरील कप्प्या व कडीं पक्कीं करण्यासाठीं चौकोनी डोक्याचे स्क्रू असत, आणि तीं डोकीं बाहेर आलेलीं असत. फिरत्या दांड्यावरचें असें डोकें दिसत नाहीं. पण सदऱ्याची बाही त्यांत अडकली कीं माणूस ओढला जाई. हार्टफर्ड येथील विल्यम ॲलन यांस १९१० सालीं षट्कोनी खांचेचे स्क्रू करण्याच्या रीतीचें पेटंट मिळालें. पाना बाहेरून लावण्याऐवजीं किल्ली आंतून लावावयाची. मग बाहेर डोकें ठेवण्याचें कारणच उरत नाहीं. हे स्क्रू ‘सुरक्षित’ ह्या विशेषणानेंच विकले जात. आज आपले कामगार ‘ॲलन बोल्ट’ व ‘ॲलन की’ म्हणतात तो हाच ॲलन.

घराच्या मापावरही ह्या शोधाचा परिणाम झाला. बाहेरून सहा कोनांचें डोकें असेल तर घरांत डोक्याबरोबर पान्यासही जागा द्यावी लागते, व घर फार रुंद होतें. किल्ली डोक्याच्या पोटांतच शिरत असेल तर घर डोक्याहून एकदोन मिलिमीटर मोठें असलें कीं पुरे. यंत्राचा भाग तेवढा बळकट राहतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. इतिहासानें दिलेले तीन आंकडे हातांत घेऊनही माणूस चुकतो तो एका सवयीमुळें. स्क्रूस आट्यांच्या मापानें ओळखावें, ही आपली जुनी संवय. एम ८ चा साधा ॲलन बोल्ट घेतला तर त्याचें डोकें १३ मिलिमीटर असतें व त्याचें घर १४ किंवा १५ चें करतात. परंतु खांदेवाल्या स्क्रूचें नांव त्याच्या खांद्यावरून पडतें. दहा मिलिमीटर खांद्याच्या स्क्रूचे आटे एम ८ च असतात, आणि डोकें मात्र १६ मिलिमीटर व्यासाचें, ७ मिलिमीटर उंचीचें. आटे पाहून तक्त्यांतून १५ चें घर पाडलें, तर स्क्रू दाराशींच उभा राहतो. येथें घर निदान १७ चें हवें.

खोलीचेंही तसेंच. हालती पट्टी २० मिलिमीटर जाड व खांदा १२ मिलिमीटर लांब असेल, आणि डोक्याखालीं दशांश मिलिमीटर मोकळीक हवी असेल, तर घराखालीं ११.९ मिलिमीटर लोखंड राखावें, म्हणजे घर ८.१ खोल होतें. डोकें मग पृष्ठभागाच्या एक मिलिमीटर खालीं राहतें. पट्टी वर उचलली जाणार असली तर डोकें तेवढें आणखी खालीं राहील असा हिशेब धरावा लागतो, नाहीं तर पट्टी खालीं येतांच डोकें वर डोकावतें. ह्या मजल्याचा तळ सपाट व खालच्या भोंकाशीं एकमध्य असावा. म्हणून काउंटरबोअरच्या हत्याराच्या टोंकास एक गुळगुळीत खुंटी असते, ती आधींच्या भोंकांत शिरून हत्यारास वाट दाखविते. आणि तळमजल्यावर आणखी एक सावधगिरी: दहाचा खांदा आठच्या आट्यांवर उभा, म्हणजे त्यास टेकण्यास चहूंकडून अवघी एक मिलिमीटरची कड. आट्यांच्या भोंकाचें तोंड तिरपें कापतांना हात सैल सोडला तर ती कडच नाहींशी होते, खांदा टेकत नाहीं, आणि सारा मार बारीक मानेवर येऊन स्क्रू तेथें तुटतो. तुटलेला स्क्रू पाहून लोक लोखंडास नांवें ठेवतात.

आपल्या देशानेंही ह्या तहांचा भार व लाभ दोन्ही अनुभविले आहेत. आगगाडी आणि गिरण्यांचीं यंत्रें विलायतेहून आलीं, आणि त्यांच्यासंगें इंच व व्हिटवर्थचे आटे आले. १९४७ च्या जानेवारींत भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५६ सालीं वजनमापांचा कायदा होऊन मेट्रिक पद्धति आली, आणि पुढच्या वर्षाच्या एप्रिलांत नवा पैसाही. परंतु माप कायद्यानें बदललें तरी जिभेवरून लवकर उतरत नाहीं. आजही आपला सुतार अगर फिटर ‘दोन सूत कमी कर’ असें म्हणतो, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या यंत्राच्या दुरुस्तीस मेट्रिक स्क्रू घेऊन जाणाऱ्यास ह्या दोन राजवटींची सरहद्द एखाद्या भोंकाच्या तोंडाशींच भेटते.

आणि हा इतिहास संपलेला नाहीं. खांदेवाल्या स्क्रूच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत खांद्याचीं मापें ६.५, ८, १०, १३, १६, २० व २५ मिलिमीटर अशीं आहेत. बाजारांत मात्र ६, १२ व २४ ह्याही मापांचे खांदे सर्रास मिळतात. ६.५ साठीं पाडलेल्या भोंकांत ६ चा खांदा जातो, आणि जातो म्हणून चूक लक्षांत येत नाहीं. अर्ध्या मिलिमीटरची फट घेऊन तो भाग खडखडत राहतो. १३ च्या भोंकांत १२ चा खांदा घातला तर फट दुप्पट. न बसणारा स्क्रू निदान बोंब मारतो. सैल बसणारा मुकाट्यानें यंत्र खातो. म्हणून शहाणा माणूस तक्ता उघडण्यापूर्वीं हातांतला स्क्रू मोजतो, आणि तो कोणत्या तहाचा प्रजाजन आहे हें आधीं विचारतो.

दोन शतकांच्या ह्या खटाटोपांत मोठे शोध थोडे आणि माघारी पुष्कळ आहेत. व्हिटवर्थनीं स्वतःचें माप पुढें न करितां सरासरी स्वीकारली. झूरिचला जमलेल्यांनीं परक्याचा कोन घेतला. ब्रिटननें आपला कोन सोडला. ह्यांपैकीं कोणाचाही मान त्यामुळें कमी झाला नाहीं. उलट, ज्यांनीं आपलें माप सोडलें नाहीं त्यांच्या दाराशीं शेजाऱ्यांचे बंब पाण्यावांचून उभे राहिले. यंत्रशाळेंतील मुलगा जेव्हां १७ चें काउंटरबोअर लावून घर पाडतो, तेव्हां त्यास ह्यांतलें कांहीं ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक असण्याची गरजही नाहीं. स्क्रू बसतो, खांदा टेकतो, डोकें आंत जातें, आणि पट्टी मोकळी हालूं लागते. ज्या तहांची आठवणही राहत नाहीं इतके ते पाळले जातात, तेच तह खरे पाळले गेले असें समजावें.